पहिलं पान केतकीला

शैलामावशी, झाड पिवळं झालं.

तू नाहीस म्हणून थांबलं वगैरे नाही. मागच्या आठवड्यात ड्राइव्हवेकडच्या फांदीनं सुरुवात केली, आणि शनिवारी सकाळी मी गाडी लावली तेव्हा अख्खं झाड असं उभं होतं, जसं काही घरात लग्नकार्य आहे आणि पाहुण्यांच्या स्वागताला यालाच दारात उभं केलंय. शेजारचे पाइन बघ, बाराही महिने तेराही काळ गंभीर. त्यांना सुतक शोभलं असतं. हे मात्र नटलं. मला आधी राग आला. मग दुसरंही काही आलं, पण माझ्याकडे राग पहिला येतो आणि बाकीचे मागून येतात, हे तुला काय सांगायचं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी विनयाकाकूंनी फोन केला. "मावशींवर तूच लिही. पण जरा गोड लिही हं मुक्ता, पत्रक नको काढूस." त्यांना माझी पत्रकं माहीत आहेत. मी राहते त्या राले शहरातल्या भाडेकरूंसाठी मी जी काढते, ती त्यांच्याही दाराच्या फटीतून एकदा आत गेली होती, आणि त्या स्वतः घरमालक निघाल्या. असो. गोड लिहिणं मला येत नाही. तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तू काय करायचीस, ते सगळं तुझ्या लेकीनं, केतकीनं, इंग्रजीत लिहून वेबसाइटवर टाकलंय. नीट लिहिलंय. शेवटी म्हटलंय, मागे एक मुलगी आहे. त्यात झाड नाही. मीही नाही.

तर मी सरळ सांगते. मला हेवा वाटतो. शोकसभेत एकेक जण उठून पोकळी म्हणत होता, छत्र म्हणत होता. एक काका तर आधारवड म्हणाले. जिनं आयुष्यभर छपराच्या पन्हळीलाही न पोचणारं एक ठेंगणं झाड लावलं, तिला वड! मी मागच्या रांगेत बसून दात खात होते. दुःख होत होतं, नाही असं नाही. पण त्याच्या वर, दुधावरच्या सायीसारखा, हेवा होता. पुढच्या रांगेत केतकी बसली होती. जो येईल तो आधी तिला मिठी मारत होता.

तू गेलेली सापडलीस ती मला, मावशी. त्या सकाळी तू फोन उचलला नाहीस म्हणून रालेहून धावत आले मी, तुझ्या जास्वंदीच्या कुंडीखालची किल्ली काढून दार उघडलं मी. तू आरामखुर्चीत होतीस, पायात बागेतल्या चपला. ॲम्ब्युलन्सवाल्या बाईनं मला हळूच पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचं नातं काय?" म्हटलं, भाची. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "ओके, स्वीटी. आणि जवळचं कोणी?"

जवळचं कोणी. मी त्या घरापासून वीस मिनिटांवर राहते, दर रविवारी तुझ्याकडे जेवते, तुझी मोतीबिंदूची तारीख मला पाठ, तुझ्या वायफायचा पासवर्ड माझ्या नावावर. पण जवळची केतकी, तिकडे टेक्सासमधल्या फ्रिस्कोची. सगळ्या कागदांवर सही तिची. अंत्यविधीच्या ठिकाणी दाहिनीचं बटण दाबायला बोलावलं ते तिला. आमच्या मोहिमेत आम्ही म्हणतो, जो राहतो त्याचा हक्क, ज्याच्या नावावर आहे त्याचा नव्हे. हे मी शेकडो दारांवर जाऊन बोलले आहे. त्या दिवशी मला ते बोलायला एक दार नव्हतं.

लोकांनी फॉइलच्या ट्रेमधून वरणभात आणला, दुधीची भाजी आणली, आणि ट्रे केतकीच्या हातात देऊन म्हणाले, "बेटा, खाऊन घे." केतकीनं ते माझ्याकडे दिले. गरम मी केले. सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. ती बहिणीसाठी रडत होती. व्हिसा मिळायला महिना लागणार म्हणून अजून रडत होती, आणि शेवटी म्हणाली, "मुक्ते, केतकीला सांभाळ गं. एकुलती एक आहे, पोरकी झाली." मी हो म्हटलं. फोन ठेवला. मला कुणी सांभाळायचं, हे कुणाच्याच फोनमध्ये आलं नाही.

आता झाडाबद्दल. तुला माहीत आहे तेच पुन्हा सांगते, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांनी तुझं अंगण पाहिलेलं नाही.

रेडबड म्हणतात त्याला. इथलंच झाड आहे, तुझ्या या कॅरी गावात हायवेच्या कडेलाही उगवतं, वसंतात पानं यायच्या आधी काड्या-काड्यांवर जांभळट गुलाबी फुलं फुटतात, तेव्हा सगळे गाड्या थांबवून फोटो काढतात. तुला फुलांचं फारसं नव्हतं. "फुलं काय, कुणाचंही फुलतं," म्हणायचीस. तुला हवं होतं पान. पिवळं झालेलं, तळव्याएवढं, बदामाच्या आकाराचं पान. कारण तू कुठेतरी वाचलंस की हे झाड आपट्याच्या कुळातलं. "आपट्याची मावसबहीण आहे ही," तू सगळ्यांना ओळख करून द्यायचीस. आपट्याचं पान मध्ये चिरलेलं, दोन पाळ्यांचं, हे अखंड. बाकी तोच बाज, शिराही तशाच पंज्यासारख्या. आणि आपटा हिरवाच वाटायचा आणि त्याला सोनं म्हणायचं. इथलं पान खरंच सोन्याचं होतं. फक्त वेळेवर होत नाही.

दसरा येतो आणि झाड हिरवंगार. पहिली काही वर्षं तर ते सोन्याचं झालंच नाही. ती तुझी चूक, आणि ती चूक आपलाच माणूस करू जाणे. तू त्याला तुळस समजलीस. सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी. सप्टेंबरात गांडूळखत. वर कंपनीचे लोक येऊन लॉनला जे खत फवारून जात, तेही त्याच्या मुळाशी. एवढे लाड झाल्यावर कशाला पिकेल ते? थंडीपर्यंत हिरवं राहायचं आणि पहिल्या हिमात एका रात्रीत काळं पडून गळायचं. तू रडली होतीस म्हणे एकदा. मग एका वर्षी पाठीच्या दुखण्यानं झोपून राहिलीस, ना पाणी ना खत, आणि ऑक्टोबरच्या शेवटी खिडकीतून बघतेस तर अंगण पेटलेलं.

तेव्हापासून तुझी पद्धत ठरली. गुढीपाडव्याला खत, ते शेवटचं. उन्हाळाभर रविवारी होजपाइपची बारीक धार बुंध्याशी, ती पाऊण तास, लाल माती खोलवर भिजेपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या उन्हात पानं करपत नाहीत. खोडाला मल्चचा, म्हणजे लाकडाच्या भुशाचा, ढीग लावायचा नाही. "माणसाला गळ्यापर्यंत गोधडीत कोंबलं तर कुजेलच ना," असं तू लॉनवाल्यांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केलास, ते ऐकायला मी होते. आणि गणपती गेले की पाणी तोडायचं. थेंब नाही. रोज जाऊन बघायचं, हात लावायचा, पण पाणी द्यायचं नाही.

"हे क्रौर्य आहे," मी म्हटलं होतं.

"रंग असाच येतो."

"म्हणजे लाड केले की माणूस हिरवा राहतो आणि उपाशी ठेवलं की सोन्याचा होतो? मालकवर्गाचं तत्त्वज्ञान आहे हे, मावशी."

"झाडाचं आहे. तू पत्रकात घालू नकोस."

मला तेव्हाच वाटलं होतं की हे झाडाबद्दल चाललेलं नाही. केतकीला तू फोनवर "माझी सोनी" म्हणायचीस आणि माझ्या पत्रकांवर लाल पेन घेऊन बसायचीस. "तिसऱ्या ओळीत एवढी चिडलीस, तर दहाव्या ओळीत काय करशील? कपडे फाडशील?" "उद्गारचिन्हं काढ, भाजीत मीठ तीनदा पडलंय." एकदाही म्हणाली नाहीस की बरं जमलंय. मी घरी जाऊन उद्गारचिन्हं काढायचे. अजून काढते. वर बघ, मी फक्त एकच ठेवलंय, आधारवडाला.

दसऱ्यावरून आपण पहिल्याच वर्षी भांडलो. मी नुकतीच शिकायला आले होते आणि मंडळाच्या दसऱ्याला यायला मी नकार दिला, कारण सांगलीत कॉलेजला असताना मी त्यावर पत्रक काढलं होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर हातगाड्या भरून आपट्याच्या फांद्या, लोक ओरबाडून नेतात, दुसऱ्या दिवशी तेच सोनं गटारीत. मला वाटलं तुला चार ओळी वाचून दाखवाव्यात, तर तू अख्खं पत्रक वाचलंस. म्हणालीस, "खरं आहे."

मी तयारीत होते भांडायच्या. म्हटलं, "मग?"

"मग वाट बघायची. पान आपणहून सुटेपर्यंत. हात लावला की हातात आलं पाहिजे. ओढायचं नाही."

"पण तोवर दसरा होऊन जातो."

"मंडळाचा होतो. आपला झाड ठरवतं."

"असं चालतं?"

"मी कुणाला विचारलं नाही, म्हणून कुणी नाही म्हणालं नाही."

असा तुझा दसरा. कधी कोजागिरीनंतर, एका वर्षी तर दिवाळीच्या उंबरठ्यावर. लोक थट्टा करायचे, "शैलाताई, तुमचा रावण अजून जिवंत का?" पण यायचे. पायरीवर ताट, ताटात पिवळी पानं, सगळ्यांना एकेक, आणि आत बटाटेवडे. हे मला आवडलं, आणि आवडलं म्हणून मी तुला सांगितलं नाही. त्या काळात मी फक्त न आवडलेलं सांगायची.

आणि मग पहिलं पान.

तुझा नियम होता, हातात आलेलं पहिलं पान देवाला नाही, घरात नाही, केतकीला. तू ते पुसायचीस, दोन टिश्यूंच्या मध्ये ठेवायचीस, लिफाफ्यात घालून त्याच दिवशी पोस्टाच्या निळ्या पेटीत टाकायचीस. मला बरोबर घेऊन. मी गाडी चालवायची, तू लिफाफा मांडीवर धरायचीस, जसं काही आत अंडं आहे. परत येऊन दुसरं पान मला. दर वर्षी. उन्हाळाभर होज कुणी ओढली? मल्च कुणी उपसलं? शिडी कुणी धरली? वाळकी फांदी तोडताना करवत कुणाच्या अंगठ्यात गेली? ही सगळी कामं मी केली आणि सोनं टेक्सासला गेलं.

विचारलं मी एकदा. तू म्हणतेस ना, मी सगळं तोंडावर बोलते; हेही बोलले. गेल्या वर्षी, पोस्टाच्या पेटीपाशी, इंजिन चालू ठेवून. "पहिलं मला का नाही?"

तू खिडकीतून लिफाफा टाकलास, पेटीची झडप दोनदा हलवून पाहिलीस आत पडला का, काच वर केलीस आणि म्हणालीस, "तू इथे आहेस ना."

मी आजवर ऐकलेलं हे सगळ्यात अन्यायकारक वाक्य आहे. म्हणजे जो येतो, त्याला कमी. जो दूर, त्याला आधी. जवळ असण्याची शिक्षा म्हणून दुसरा नंबर. आणि घरी येऊन तू वडे तळताना गुणगुणत होतीस. मी ठरवलं होतं, या वर्षी पुन्हा विचारायचं, मुद्देसूद, उत्तर मिळाल्याशिवाय पेटीपासून गाडी हलवायची नाही. यंदाचे गणपती गेले. तू पाणी तोडलंस. मला फोनवर सांगितलंसही, "आजपासून बंद हं, तू येशील तेव्हा प्रेमानं ओतू नकोस." आणि मग आठवडाही झाला नसेल. वाद माझ्याकडे राहिला, मावशी. मी तो एकटीनं कसा घालू?

केतकी शुक्रवारी आली, घर आवरायला. दिवाणखान्यात तीन ढीग घातलेत, ठेवायचं, दान, कचरा. तिचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहिते, तुला चालेल. तिचं मराठी तुझ्या हयातीत "आई, बस" आणि "नको, पोट भरलं" यापुढे गेलं नाही, पण कळतं सगळं. मी शनिवारी सकाळी झाडावर रागावून आत आले तर ती फोनवर होती. घर विकून देणाऱ्या बाईशी. फोन ठेवून मला म्हणाली, "ती दुपारी फोटोग्राफर पाठवतेय. म्हणते, झाड असं आहे तोवर फोटो काढून घेऊ. फॉल कलर असला की घर पटकन जातं."

मी बोलले. मोठ्यानं बोलले. "जाहिरात आहे का ती? तुझ्या आईचा दसरा आहे तो! त्याच्यापुढे बोर्ड लावणार तुम्ही?" (हे दुसरं उद्गारचिन्ह. काढत नाही.)

केतकीनं माझ्याकडे बघितलं. "दसरा झाला ना गेल्या महिन्यात. मला ऑफिसात कुणीतरी मिठाई दिली."

"तो कॅलेंडरचा. मावशीचा झाड पिवळं झालं की असायचा. तुला पान यायचं ना दर वर्षी? पहिलं?"

ती तशीच उभी राहिली, हातात तुझी किसणी. मग सोफ्याच्या हातावर बसली, ढिगांच्या मध्ये.

"म्हणून ते उशिरा यायचं?"

"म्हणजे?"

"लिफाफा. दसरा होऊन तीन-तीन आठवड्यांनी. हॅपी दसरा लिहिलेलं. मला वाटायचं, आईच्या लक्षात राहत नाही. कुणीतरी आठवण केली की मग घाईनं पाठवते." ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "आणि आत चुरा असायचा, मुक्ता. दर वर्षी. पिवळा चुरा आणि टिश्यू. पोस्टाच्या मशीनमधून जायचं ना. मी फोनवर म्हणायची, ब्युटिफुल, आई. मला माहीतच नाही ते काय होतं."

मावशी, खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. चांगला नव्हे, वाईट आनंद. चुरा! इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळले तो चुरा होता. मग ती म्हणाली, "तुला तर सगळं झाड मिळालं," आणि मला कळलं की ती माझ्यावर जळते आहे. माझ्यावर. ती म्हणाली, "मी कॉलेजला गेले त्याच वर्षी तिनं ते लावलं. मी नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला यायची तेव्हा नुसत्या काड्या असायच्या. आई फोनवर तासभर सांगायची, मुक्तानं हे केलं, मुक्तानं शिडी धरली, मुक्ता काय लिहिते, तू वाचायला हवंस. मी म्हणायची, आई, बस."

मुक्ता काय लिहिते, तू वाचायला हवंस. हे तू फ्रिस्कोला बोललीस. वीस मिनिटांवर बोलली नाहीस. तिला माझं कौतुक पाठवलंस आणि मला तिचे लाड ऐकवलेस, आणि आम्ही दोघी आपापल्या जागी उपाशी. रंग असाच येतो, म्हणशील तू. मला नाही पटत. अजून नाही पटत. मी हा वाद सोडलेला नाही, फक्त तू उठून गेलीस.

आम्ही बाहेर गेलो. केतकीनं तुझं जाकीट घातलं होतं, बाह्या लांब होत होत्या. ती जाऊन पहिल्या फांदीला लागली ओढायला.

"ओढू नकोस!"

"मग काय करू?"

"नुसता हात लाव. सुटलं तर सुटलं."

"हे कुणी ठरवलं?"

"तुझ्या आईनं."

"अर्थात," ती म्हणाली, आणि ते अगदी तुझ्यासारखं म्हणाली, नाकातून.

आम्ही दोघी हात लावत फिरलो, झाडाभोवती. शेजारचे जिम आजोबा कुत्रा घेऊन थांबले, आम्हाला बघत राहिले आणि शहाण्यासारखे पुढे गेले. पानं चकाकत होती, पण धरून होती. केतकी म्हणाली, हे फ्रिस्कोला नेता येईल का. मी म्हटलं, एवढं मोठं उपटलं की मरतं, मुळं खोल असतात. ती म्हणाली, "मग इथले नवीन लोक करतील ना नीट?" त्यांना गणपती कधी जातात हे कोण सांगणार आहे? ते सप्टेंबरात खत घालतील, स्प्रिंकलर लावतील, आणि म्हणतील, दलालाच्या फोटोत तर पिवळं होतं. त्या लोकांचाही मला हेवा वाटला, अजून घर कुणी घेतलेलंही नाही.

आणि तेवढ्यात, ड्राइव्हवेकडच्या त्याच फांदीवर, माझ्या हातात आलं.

अखंड. डाग नाही, कीड नाही, देठासकट. केतकी झाडाच्या पलीकडे होती, तिला दिसलं नाही. मी ते मुठीत धरू शकले असते. पहिलं पान, माझं, कुणाला कळलंही नसतं, आणि जो राहतो त्याचा हक्क या न्यायानं ते माझंच होतं. मी उभी राहिले. तुझा होजचा नळ दिसत होता, गणपतीपासून बंद. या वर्षीचा रंगही तुझाच आहे, मी एक थेंब ओतला नाही, तू सांगितलं होतंस म्हणून.

आईनं फोनवर बजावलंय, वर्ष होईपर्यंत सण नाही. पण लहानानं मोठ्याला सोनं द्यायचं एवढं मला माहीत आहे, आणि केतकी माझ्याहून मोठी आहे, हा अन्याय मी निवडलेला नाही. मी झाडाला वळसा घालून गेले आणि पान तिच्यापुढे धरलं. पाया पडले नाही. तेवढं मागू नकोस.

"सोनं घे," मी म्हटलं, "सोन्यासारखी राहा."

तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, मांडीवरच्या अंड्यासारखं. उजेडाकडे धरलं, उलटं केलं, शिरांवरून बोट फिरवलं.

"असं असतं?" ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

तर मावशी, पहिलं पान या वर्षीही केतकीला गेलं. तुला ते कधी शाबूत पोचवता आलं नाही. मला आलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, गोड लागो न लागो.

मग केतकी झाडाकडे वळली, तिनं एका पानाला हात लावला, ते सुटलं नाही, आणि तिनं सरळ ओढलं. कच्चं होतं, अर्धं हिरवं, देठ फाटला, फांदी हिंदकळून परत जागेवर आली. मी ओरडणार होते. ते तिनं माझ्यापुढे धरलं. तिला शब्द माहीत नव्हते.

नियमात बसत नाही ते. तू असतीस तर तिला झापलं असतंस. मी घेतलं.